टोज गुरुजी

2000 सालच्या जूनमध्ये सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं. ते कुणी शिकवायचं, यावर आमच्या द्विशिक्षकी शाळेत फार चर्चा झाली नाही. मला गाता येत नव्हतं आणि गुरुजी भजनी मंडळात पेटी वाजवत. ठरलं.

गुरुजींनी स्वतः एबीसीडी पाचवीत पाहिलेली. पण सूर सापडला की शब्द मागोमाग येतो, यावर त्यांची श्रद्धा. 'हेड, शोल्डर्स, नीज अँड टोज' त्यांनी केरव्यात बसवलं. या गाण्यात दर फेरीला लय वाढवायची असते. गुरुजी ती थेट गजरापर्यंत नेत. वाकताना टोपी पडे, पण टाळी चुकत नसे. गावाने त्यांचं नाव 'टोज गुरुजी' ठेवलं.

मग 'ओल्ड मॅकडॉनल्ड'चं शेत आलं. इंग्रजी गाय 'मू' करते हे कळल्यावर वर्गाने तिच्या तब्येतीची चौकशी केली. डुकराला शेतात कोण पाळतं, हाही प्रश्न आला. गुरुजींनी डुक्कर काढून म्हैस घातली. 'बफेलो' काही तालात बसेना. ती शेवटपर्यंत अर्धी समेबाहेरच उभी राहिली. (म्हशीला कुठेही नीट शिरता येत नाही, हे तसं खरंच.)

एकदा केंद्रप्रमुख आले. स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी पोराला विचारलं, "व्हॉट इज धिस?" पोरगं गप्प. मग त्याने हात डोक्यावर नेला, खांद्यावर आणला, ओठ हलवले आणि गुडघा येताच ओरडलं, "नीज!"

"एकच आहे," साहेब म्हणाले.

"एक नीज!"

गाण्यातले अवयव बहुतेक जोडीने येतात, त्याला पोरगं काय करणार? त्यात मागच्या बाकावरच्या एका हुशार मुलीने शंका काढली, "गुरुजी, दोन नाकपुड्या म्हणजे 'नोज', तर एक म्हणजे 'नो' का?" साहेबांनी चहा मागवला.

मी म्हटलं, "गुरुजी, पोरांचे शब्द रेल्वेच्या डब्यांसारखे झालेत. मधला एक हवा असला तरी इंजिनापासून यावं लागतं."

"येतो ना पण?" गुरुजी म्हणाले.

तरी दुसऱ्या दिवसापासून ते पेटी मध्येच थांबवून भलतीकडेच बोट दाखवू लागले. निम्मी मुलं सुटी झाली. निम्मी गाडीतच राहिली.

गुरुजी आता निवृत्त झालेत. इतकं वाकल्यावर गुडघे राहतात थोडेच! परवा त्यांच्यासोबत तालुक्याच्या मेडिकलमध्ये गेलो. काउंटरवर त्यांचाच जुना विद्यार्थी. गुरुजींनी 'नी कॅप' मागितली. त्याचा हात नकळत डोक्याकडे गेला, मग खांद्यावर, मग काउंटरखाली कुठेतरी. आणि त्याने फळीवरून बरोबर डबा काढला.

दोन दिल्या. एक परत केली नाही गुरुजींनी.