गळ्यात कार्ड, कार्डात भाऊसाहेब

धाराशिवात एखादा माणूस सरकारी नोकर आहे का, हे विचारावं लागत नाही. छातीकडं बघितलं की कळतं. भाऊसाहेब त्यातलेच. त्यांचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात तालुके आठ आहेत आणि भाऊसाहेब प्रत्येक तहसिलीत एक तरी असतातच.

सकाळी दूध आणायला निघतात तेसुद्धा कार्ड घालून. शेजारी म्हणतो, "भाऊसाहेब, आज रविवार हाय." उत्तर ठरलेलं: "असू द्या. शासनाचं काम हाय, कवा कोण विचारील सांगता येत न्हाई." दूधवाल्यानं आजवर कुणाचं ओळखपत्र तपासल्याचं ऐकिवात नाही, पण भाऊसाहेब तयारीत असतात.

नोकरीला लागले तेव्हाचं कार्ड पुठ्ठ्याचं होतं. टाइप केलेलं नाव, डिंकानं चिकटवलेला फोटो आणि गोल शिक्का: अर्धा कागदावर, अर्धा भाऊसाहेबांच्या गालावर. मग लॅमिनेशन आलं. एप्रिलच्या उन्हात त्याचे कोपरे उलायचे आणि भाऊसाहेब ते इस्त्रीखाली धरायचे. २०२३ला उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं, तेव्हा कार्डावरचा जिल्हा बदलून घ्यायला सगळ्यात आधी हेच उभे. पुढच्या वर्षी तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला. त्याचं पदनाम एका ओळीत कसं बसणार, याची काळजीही यांनीच केली. स्वतःचं पद तसंच होतं तरी. जुनी कार्डं टाकलेली नाहीत. २०११च्या जनगणनेचं, दर निवडणुकीच्या ड्युटीचं, कोरोनात नाक्यावर दाखवायचा पास, सगळं लोखंडी कपाटात, एफडीच्या पावत्यांच्या पिशवीत आहे. पाहुणा चहाला थांबला तर पिशवी बाहेर येते.

आता कार्ड चकचकीत प्लॅस्टिकचं. क्यूआर कोड, रक्तगट, सेवार्थ क्रमांक, सगळं जागच्या जागी. पूर्वी ज्या त्या कचेरीची ज्याची त्याची तऱ्हा होती. आता सगळ्यांना एकच नमुना. इथं मात्र भाऊसाहेब दुखावले. "शिपायाचं बी एवढंच आन् माझं बी एवढंच? सव्वीस वर्षांची सर्विस कुठं दिसायची?" नमुना बदलता येत नाही म्हटल्यावर त्यांनी दोरी बदलली. आता गळ्यात बोटभर रुंदीची पट्टी आणि खाली स्टीलचा हूक आहे. नांगराच्या बैलाला पोळ्याची झूल घालावी, तसा थाट.

या थाटाची खरी परीक्षा लग्नात होते. गेल्या उन्हाळ्यात एका मंगल कार्यालयात भाऊसाहेब पंगतीजवळ उभे होते. डोक्याला फेटा, छातीवर कार्ड. आता केटररच्या पोरांच्या गळ्यातही कार्डं असतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पंगतीतून आवाज आला, "ओ कार्डवालं, जिलेबी आणा की हिकडं!" भाऊसाहेबांनी क्षणभर छातीकडं बघितलं, मग ताट उचललं आणि अख्ख्या रांगेला वाढलं. नंतर विचारलं तर म्हणाले, "लोकसेवक हाव आपण. काय फरक पडतोय?" त्या दिवशी त्यांचा मला फार आदर वाटला. तामलवाडीच्या टोलनाक्यावर गाडीची काच खाली करून ते कार्ड दाखवतात तेव्हा तेवढा वाटत नाही. फास्टॅगला कार्ड वाचता येत नाही, पैसे कटतात, तरी पुढच्या खेपेला काच खाली येतेच.

हसावं तर त्यांचे वडील आठवतात. कोरडवाहू रान, सोयाबीन पावसाच्या मर्जीवर, आणि घरात एकच गोष्ट महिन्याच्या महिन्याला पिकणारी: पोराचा पगार. पहिलं कार्ड मिळालं तेव्हा म्हाताऱ्यानं ते देवघरात ठेवून त्याला कुंकू लावलं. कुंकवाचा डाग फोटोवर अजून आहे, शिक्क्याच्या शेजारी. हे कळल्यावर दुधाच्या वेळचं कार्ड डोळ्यांना खुपेनासं होतं.

खुपतं ते कचेरीत. ओळखपत्र दर्शनी भागावर लावा, असं सामान्य प्रशासन विभाग वर्षानुवर्षं बजावतो आहे. डिसेंबर २०२०मध्ये तर पोशाखाचंही आलं: जीन्स-टीशर्ट नको, स्लिपर नको, आठवड्यातून एकदा खादी. भाऊसाहेबांनी सगळं पाळलं. पण बाजारात, लग्नात, टोलनाक्यावर सरळ असणारं हे कार्ड, पावणेदहाला टेबलाशी बसले की आपोआप उलटं होतं. नाव शर्टाकडं, कोरी बाजू लोकांकडं. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. पण तक्रार अर्जात नाव लिहायचं कुणाचं? कार्ड उलटं का, विचारलं की म्हणतात, "पंख्याच्या वाऱ्यानं फिरतंय हो." पंखा बंद असतो.

एकदा पळसपच्या बाजूची एक म्हातारी फेरफारासाठी तिसऱ्यांदा आली. वाचता येत नव्हतं, पण नजर तेज. म्हणाली, "लेकरा, तुजा फोटू पल्याड गेलाय बग. कसा दिसतूस ते तर बगू दे." भाऊसाहेबांनी कार्ड सरळ केलं. ती निरखून म्हणाली, "ग्वाड दिसतूस की!" तिची फाइल त्याच दुपारी वर गेली.

तेव्हा तहसिलीत काम असेल तर आरडाओरडा करू नका, कुणाची ओळखही सांगू नका. टेबलावर वाकून एवढंच म्हणा, "भाऊसाहेब, फोटो लई झकास आलाय म्हणं, दाखवा की." कार्ड सरळ झालं, की नाव वाचून घ्या, आणि त्याच नावानं हाक मारून काम सांगा.