एसीतली मधुबाला

सुट्टीहून परतणाऱ्या मराठी माणसाची बॅग मस्कतच्या विमानतळावर उघडली तर आत काय निघेल, हे डोळे मिटून सांगता येतं. कांदा-लसूण मसाला, मेतकूट, एकाची औषधं आणि दुसऱ्याने मागवलेलं लोणचं. काकांच्या बॅगेत मात्र जुनी सिनेमासिकं असतात. त्यांच्या खालीवर आपले कपडे आणि काकूंची भाजणी ते कोंबतात. कोंबतात ते अंक चुरगळू नयेत म्हणून.

असा एक काका आखातातल्या प्रत्येक मराठी वस्तीत असतो. आमचा अल खौदला आहे, सुलतान काबूस विद्यापीठापासून जवळच. नोकरी पंपांची की व्हॉल्व्हची, अशीच काहीतरी. ती कुणी विचारत नाही आणि काकाही आपण होऊन सांगत नाहीत. विचारायचं ते सुरैयाबद्दल.

घरात दोन बेडरूम. मोठी अंकांची, लहान माणसांची. जूनमध्ये बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा मोठ्या खोलीतला एसी चोवीस तास चालू. लहान खोलीतला मात्र बिलाच्या धास्तीने मध्यरात्री बंद होतो. 'मधुबालेला गारवा आणि मला घामोळं,' असं काकू म्हणतात. इतक्या वर्षांत त्यातला राग निघून गेलाय, आता नुसतं माहितीसाठी सांगतात.

अंक हातात मिळायच्या आधी हात धुवावे लागतात, पुसावे लागतात आणि काकांना दाखवावे लागतात. समुद्राच्या दमट हवेने अंकाच्या पिना गंजतात, गंज मधल्या पानावर उतरतो आणि मधल्या पानावर नेमकी नायिका असते. म्हणून काका चिमट्याने पिना उपटतात आणि त्याच भोकांतून पांढऱ्या दोऱ्याचे दोन टाके घालतात. ज्यांनी जन्मात सदऱ्याचं बटण लावलं नाही, ते नलिनी जयवंतच्या गालाला धक्का न लावता टाका घालतात! कसर लागू नये म्हणून सगळीकडे डांबराच्या गोळ्या. काकांच्या शेजारी बसलं की नाकालाच कळतं, आज कपाट उघडलं होतं.

२००७ च्या जूनमध्ये गोनू वादळ आलं तेव्हा ते तळमजल्यावर राहायचे. लोकांनी पासपोर्ट आणि दागिने उंचावर ठेवले. काकांच्या कपाटावर 'फिल्मफेअर'चे गठ्ठे चढले. पासपोर्ट काकूंनी पर्समध्ये घातले म्हणून वाचले. त्यानंतर काकांनी लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरचा मजला घेतला.

खरेदीचं शास्त्र वेगळं. रद्दीवाल्याकडे जाऊन 'फिल्मइंडिया आहे का?' असं विचारणारा माणूस काकांच्या मते मूर्ख. विचारलं की तराजू बाजूला जातो आणि किलोचा भाव नगावर येतो. म्हणून काका आधी 'चांदोबा' मागायचे आणि गठ्ठा उपसता उपसता बाकीचं सहज उचलल्यासारखं करायचे. हल्ली 'चांदोबा'चाच भाव चढल्याने ही युक्ती अंगाशी येते. नाशिकचा 'रसरंग' हे त्यांचं पहिलं प्रेम, सलूनच्या बाकावर बसलेलं. लहानपणी केस वाढायच्या आत ते कापायला का जायचे, हे त्यांच्या वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

पण गुरुस्थानी एकच, बाबूराव पटेल. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस. १९३५ साली त्याने मुंबईत 'फिल्मइंडिया' काढला आणि भल्याभल्यांना घाम फोडला. वाचकांच्या प्रश्नांना तो जी तिरकस उत्तरं द्यायचा, त्यावर काकांची सगळी बोलण्याची ढब पोसली आहे. मंडळाच्या गणपतीत एका नव्या इंजिनिअर मुलाने चांगुलपणाने विचारलं, "काका, आलिया कशी वाटते?" काका म्हणाले, "आलीय तर बसू दे, प्रसाद घे म्हणावं." तो मुलगा परत विचारायला आलेला नाही.

याच बाबूरावांनी पुढे पत्नी सुशीलाराणींना नायिका करून 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' काढले आणि दोन्ही साफ पडले. हे मात्र काका खालच्या आवाजात सांगतात, घरातलं माणूस परीक्षेत नापास झाल्यासारखं. शांता आपट्यांनी बाबूरावांच्या कचेरीत जाऊन छडी चालवली म्हणतात, तो प्रसंग ते उभं राहून करून दाखवतात. छडी मारतानाही काकाच आणि चुकवतानाही काकाच. याच शांताबाई १९३९ साली प्रभातच्या फाटकावर उपोषणाला बसल्या होत्या. कुणाची रजा अडली की काका ताबडतोब तो मार्ग सुचवतात. आजवर तो कुणी धरलेला नाही, कारण इथे फाटकापाशी सावली नसते.

काकांना गॉसिपचा तिटकारा आहे. 'हल्लीच्या पोरांना कोण कुणाबरोबर फिरतं याचंच पडलंय,' असं म्हणून ते तुच्छतेने मोबाइल उलटा ठेवतात आणि दिलीपकुमार-मधुबालेकडे वळतात. सत्तर वर्षं मुरली की चहाडीचा इतिहास होतो, असा त्यांचा हिशेब असावा. 'नया दौर'चं प्रकरण तर त्यांना तोंडपाठ. भोपाळकडच्या आउटडोअरला वडील अताउल्ला खानांनी मुलीला पाठवलं नाही, बी. आर. चोप्रा कोर्टात गेले, वैजयंतीमाला आली आणि दिलीपकुमारने साक्ष दिली चोप्रांच्या बाजूने! काका अताउल्ला खानांचे वकील. एका साखरपुड्यात हॉलच्या खर्चावरून व्याह्यांची आधीच धुसफूस चालली होती. त्यात काकांनी जेवताना 'बाप म्हणून त्या माणसाचं काय चुकलं?' असा विषय काढला. मुलाच्या वडिलांना तो टोमणा वाटला. मठ्ठा न पिताच ते उठले. त्यांना समजवायला गेलेल्या काकांनी चोप्रांची उलटतपासणी सुरू केली.

जाहिरातींवर तर त्यांचा जास्तच जीव. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, पहिलीच भारतीय नटी. ती जाहिरात काका पाहुण्यांना दाखवतात आणि वर 'बाई बी. ए. होत्या हो,' असं अशा थाटात सांगतात की काकूंना भाचीसाठी आलेलं स्थळच आठवतं.

या सगळ्या वैभवाला धक्का बसला तो अल खौदच्या बाजारात, एका शुक्रवारी. कॉफी शॉपच्या बाहेर करक चहा पीत एक म्हातारे ओमानी गृहस्थ बसले होते, पांढरा दिशदाशा, डोक्यावर नक्षीची कुम्मा. जुन्या पिढीतल्या पुष्कळ ओमानी लोकांसारखं त्यांचं हिंदी फर्डं. काकांनी नेहमीप्रमाणे 'मुघल-ए-आझम' काढला. ते शांतपणे म्हणाले, "मराठा मंदिर में देखा था. बाप के साथ बंबई गया था."

काकांचा कप हातातच राहिला. १९६० साली काका जन्मालाही आले नव्हते. त्यांचा सगळा 'मुघल-ए-आझम' कागदावरचा आणि नंतर टीव्हीवरचा.

"तिकीट?" काकांनी विचारलं. "तिकीट है आपके पास?"

"टिकट कौन रखता है?"

साधं अर्धुक ठेवलं नाही! काका त्या रात्री जेवले नाहीत, असं काकू सांगतात. (त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, हेही काकूच सांगतात.) पण पुढच्या शुक्रवारी बटरपेपरात गुंडाळलेला मधुबालेचा अंक घेऊन ते पुन्हा तिथे हजर. म्हाताऱ्यांनी हात धुतले नाहीत. खजुराचा हात दिशदाशाला पुसला, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं. मी काकांकडे बघत होतो. ते तोंडातून चकार शब्द काढेनात.

तीन पानं ओली झाल्यावर म्हाताऱ्यांनी फोटोवर बोट टेकवून विचारलं, "इसका और दिलीप का क्या झगड़ा हुआ था?"

काकांनी खुर्ची पुढे ओढली आणि आणखी दोन करक सांगितले.