ठिणगी घरपोच

रानात जगायची तयारी करायची म्हटली, की हल्लीचा तरुण आधी मोबाइल काढतो. मग कुरिअरने ठिणग्या पाडणारा फेरो रॉड येतो. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली पेटंट घेतलेला लोखंड-सिरियमचा मिश्रधातू तो. सोबत पेट धरायला हवाबंद डबीतला कापूस. हिंगोली जिल्ह्यात, शिवारभर कापूस फुटलेला असताना, कापूस पार्सलने!

जुन्या गुराख्याच्या बटव्यात पोलादाचा तुकडा, गारगोटी आणि कापूस एवढाच संसार असे. गारगोटी नांगराच्या फाळाला आपटून फुकट मिळायची. ठिणगी दगडाची नव्हे, खरवडल्या गेलेल्या पोलादाची; हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं आणि त्याची बिडी त्यावाचून अडलीही नव्हती. कापूस दमट होऊ द्यायचा नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक. पुढे काडीपेटी आली. तीही २०२१च्या डिसेंबरात एक रुपयाची दोन रुपयांची झाली, तेव्हा महागाईवर पारावर केवढी चर्चा!

आपला वीर रॉड घेऊन वसमतकडच्या एका शिवारात उतरतो. तासभर खरवडतो. ठिणग्या दिवाळीसारख्या, जाळ मात्र नाही, कारण खाली घातलेला पाला ओला. त्याचा व्हिडिओही होतो. शेजारच्या वावरात हळद शिजवायची कढई चढलेली, खाली वाळका पाला धडाडून पेटलेला. तिथली आजी हाक मारते, “लेकरा, इस्तू पाहिजे का? टोपलं घिऊन ये.”