आधी रॅम्प, मग शाल

जखमी सैनिकावरचा मी पाहिलेला सर्वात खरा सिनेमा 1946 सालचा आहे आणि त्यात लढाईचं एकही दृश्य नाही. विल्यम वायलरचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज'. जवळजवळ तीन तासांचा सिनेमा, पण रणांगण दिसतच नाही. दिसतं ते घर. अंगण, जिना, निजायची खोली, बँक, औषधांचं दुकान. आपल्याकडच्या एखाद्या निर्मात्याला हे सांगितलं तर तो विचारेल, मग सिनेमात आहे काय? आपल्या सैनिकपटांत जे कधीच नसतं, ते सगळं त्यात आहे.

सुरुवातीलाच वायलर वर्मावर बोट ठेवतो. विमानदलातला कॅप्टन फ्रेड युद्धावरून परतलाय आणि गावी जायला तिकीट मागतोय. जागा नाही. त्याच काउंटरवर एक गृहस्थ येतो. त्याच्या सामानात गोल्फच्या काठ्या. त्याचं तिकीट तयार आहे, जादा वजनाचे पैसे भरायलाही त्याची तयारी आहे. कुणी कुणाचा अपमान करत नाही, आवाज चढवत नाही. रांगेत कोण पुढे आणि कोण मागे, एवढं मात्र दोन मिनिटांत कळतं. फ्रेडला शेवटी एका लष्करी बॉम्बर विमानात जागा मिळते. सोबत पायदळातला सार्जंट अल आणि नौदलातला होमर. तिघांचं गाव एकच.

होमरचे दोन्ही हात गेलेत. पंजांच्या जागी पोलादी हुक. त्या हुकांनी तो सही करतो, काडी ओढून सिगारेट पेटवतो, वाटेत हसतो-बोलतो. नौदलानं त्याला हे सगळं नीट शिकवलंय. टॅक्सी घराजवळ येते आणि हा पोरगा म्हणतो, चला, आधी माझ्या काकाच्या बारमध्ये जाऊ. घरात पाऊल टाकायचा धीर होत नाही. तोवर घरचे धावत बाहेर येतात. शेजारची विल्मा, जिच्याशी त्याचं लग्न ठरल्यात जमा आहे, ती त्याला मिठी मारते. त्याचे हात तसेच खाली राहतात. मित्रांचा निरोप घ्यायला तो हुक वर करतो आणि आईच्या तोंडून हुंदका फुटतो.

इथे सिनेमाचं म्हणणं स्पष्ट होतं. होमर शिकून आलाय. शिकायचं राहिलंय ते घराचं. विल्माचे वडील त्याला नोकरीचं विचारतात, नजर मात्र चुकवतात. धाकटी बहीण मैत्रिणींना घेऊन खिडकीतून चोरून बघते तेव्हा तो संतापानं काच फोडून हुक आरपार घालतो आणि लगेच स्वतःच्याच रागानं घाबरतो. सगळ्यांचं त्याच्यावर प्रेम आहे. त्या प्रेमातच त्याचा जीव गुदमरतोय. जखमी जवानाच्या घरात वावरलेल्या कुणालाही विचारा, ही घुसमट तो ओळखेल.

मग तो रात्रीचा प्रसंग येतो. होमर विल्माला स्वतःच्या खोलीत नेतो आणि झोपण्याआधी काय करावं लागतं ते दाखवतो. पट्टे सोडवतो, हुक काढून पलंगावर ठेवतो आणि सांगतो की आता मला काहीही करता येत नाही. दार लागलं तर उघडता येणार नाही, रडत ओरडत बसावं लागेल. एरवी वडील मदतीला असतात. विल्मा त्याच्या सदऱ्याची बटणं लावते, पांघरूण घालते. कॅमेरा उगाच हलत नाही, संगीत अंगावर येत नाही. पुढे आयुष्यभर रोज रात्री करावं लागणारं काम तिनं पाहिलं, समजून घेतलं आणि हातात घेतलं. सिनेमात प्रेमाची कबुली अनेकदा पाहिली, इतकी सच्ची क्वचित.

वायलरला हे कुठून कळलं? तो स्वतः बॉम्बर विमानांत बसून युद्धाचं चित्रण करत होता आणि 1945 मध्ये इटलीत अशाच एका उड्डाणात त्याच्या एका कानाची श्रवणशक्ती गेली. जखम घेऊन घरी येणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

होमर झालेला हॅरल्ड रसेल तर नटही नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये वाढलेला, दुकानात मांस विकण्याच्या विभागात काम करणारा साधा माणूस. पर्ल हार्बरनंतर लष्करात गेला. लष्करानं त्याच्यावर केलेला एक माहितीपट वायलरनं पाहिला आणि मूळ कथेतल्या मेंदूला इजा झालेल्या होमरला हात गमावलेला होमर केलं. निर्माता सॅम्युएल गोल्डविननं रसेलला अभिनयाच्या शिकवणीला घातलं. हे कळल्यावर वायलर भडकला आणि ती शिकवणी त्यानं बंद केली. बरं केलं.

रसेलचे हात कुठे गेले? 6 जून 1944. दोस्त सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरत होतं तो दिवस. रसेल त्या किनाऱ्यावर नव्हता. तो अमेरिकेतच, नॉर्थ कॅरोलायनातल्या छावणीत सैनिकांना स्फोटकं हाताळायला शिकवत होता. फ्यूज सदोष निघाला आणि टीएनटी त्याच्या हातातच फुटलं. सिनेमात मात्र होमरचे हात युद्धात, जळत्या जहाजावर जातात. वायलरच्या या एका निर्णयाशी माझं भांडण आहे. खरी हकिकत जशीच्या तशी ठेवायला हवी होती. प्रशिक्षणात गेलेला हात आणि रणांगणावर गेलेला हात यांत घरी आल्यावर काडीचा फरक नसतो. बटण दोघांनाही लावता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सिनेमापुरता नाही. खडकवासल्याच्या एनडीएत किंवा डेहराडूनच्या आयएमएत प्रशिक्षण घेताना एखादा मुलगा मणक्यावर पडतो, डोक्याला मार लागतो आणि तो 'बोर्ड आउट' होतो, म्हणजे वैद्यकीय कारणावरून घरी पाठवला जातो. कमिशन मिळालेलं नाही, म्हणून तो अधिकारी नाही. अधिकारी नाही, म्हणून माजी सैनिकही नाही. माजी सैनिक नाही, म्हणून 2025 पर्यंत माजी सैनिकांच्या वैद्यकीय योजनेचं कार्डही नव्हतं. दरमहा हातात पडतं ते सानुग्रह अनुदान. 1985 पासून असे सुमारे 500 कॅडेट घरी गेले. काही आजही अंथरुणाला खिळून आहेत. त्यांची कूस बदलणाऱ्या आया म्हाताऱ्या झाल्या. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे वैद्यकीय योजनेचं दार उघडलं. चाळीस वर्षं हे कुणाला दिसलं नाही? दिसलं. फाइलवर शेरे मारणाऱ्या प्रत्येकाला दिसलं. मुलगा सीमेवर पडला नव्हता, एवढं कारण त्यांना पुरलं.

सत्कार आणि हक्क यांतलं अंतर रसेलच्या ऑस्करमध्येही दिसतं. 1947 च्या समारंभात त्याला सहायक अभिनेत्याचं नामांकन होतं. हा नवखा माणूस जिंकणार नाही, असं अकादमीच्या कारभाऱ्यांनी गृहीत धरलं आणि माजी सैनिकांना धीर दिल्याबद्दल त्याच्यासाठी वेगळं मानद ऑस्कर ठेवलं. त्याच रात्री सभासदांच्या मतांवर तो खरं पारितोषिकही जिंकला. एकाच भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळालेला तो एकटाच. कारभाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं ते जखमी म्हणून. मत देणाऱ्यांनी त्याचं काम पाहिलं. पुढे 1992 मध्ये, पत्नीच्या उपचारांसाठी पैसे हवेत म्हणून, कामासाठी मिळालेलं ते ऑस्कर त्यानं लिलावात 60,500 डॉलरला विकलं. त्यावर नाराज झालेल्यांची मला चीड येते. पुतळा विकायची वेळ या माणसावर का यावी, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा होता.

रसेलला स्वतःला काय महत्त्वाचं वाटलं ते त्याच्या पुढच्या आयुष्यात दिसतं. वायलरच्या सल्ल्यानं तो बॉस्टन विद्यापीठात शिकला. माजी सैनिकांच्या संघटनेचं नेतृत्व केलं. 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्याला अपंगांच्या रोजगारासाठीच्या समितीचं अध्यक्ष केलं आणि ते काम त्यानं अनेक वर्षं केलं. रोजगार! हात गमावलेल्या माणसानं उरलेली उमर दुसऱ्यांच्या हाताला काम मिळवून देण्यात घालवली.

अमेरिकेनं सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा 22 जून 1944 लाच केला होता. शिक्षणाचा खर्च, घर-शेती-धंद्यासाठी कर्जाची हमी. पण कायदा झाला म्हणून बँकेतला माणूस बदलत नाही, हे सिनेमा बरोबर पकडतो. अल बँकेत परततो, तारण नसलेल्या एका माजी सैनिकाला शेतीसाठी कर्ज मंजूर करतो आणि वरिष्ठ लगेच त्याला बोलावून घेतात. याच कायद्याचे फायदे असंख्य काळ्या सैनिकांपर्यंत पोचू दिले गेले नाहीत, आणि त्याबद्दल हा सिनेमा गप्प आहे. मोठी उणीव आहे ती.

आपल्या मुरलीकांत पेटकरांचं बघा. सांगली जिल्ह्यातला हा जवान 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला. 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, तेही विश्वविक्रमासह. पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. मध्ये 46 वर्षं. 2024 मध्ये त्यांच्यावर 'चंदू चॅम्पियन' आला, चांगला हाताळला कबीर खाननं, डोळे ओले झाले. पण माझं कुतूहल त्या 46 वर्षांबद्दल आहे. पदक कपाटात ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय झालं? कामावर कसं जायचे, जिना कसा चढायचे, पावसात काय करायचे? यावर मराठीत कुणी सिनेमा करावा. सामग्री दूर नाही. खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र 1974 पासून पुण्यात आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून, म्हणजे रसेलचे हात गेले त्याच वर्षीपासून. लेखकांनो, रिक्षानं जाण्याइतकं जवळ आहे. जा, परवानगी काढा, बसा, ऐका. आणि कृपा करून पदकापाशी थांबू नका.

आणि गावागावांतल्या सरपंचांना, नगरसेवकांना, मंडळांच्या अध्यक्षांना. दिव्यांग हक्कांचा कायदा 2016 चा आहे. सार्वजनिक इमारती व्हीलचेअरनं जाता येईल अशा करायला त्यानं पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम 2017 मध्ये आले, मुदत 2022 मध्ये संपली. येत्या 26 जानेवारीला तुम्ही गावातल्या जखमी जवानाला शाल-श्रीफळ द्यायला बोलवाल. त्याआधी एकदा तुमच्या कार्यालयाच्या पायऱ्या मोजा. त्याला चौघांनी खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर न्यावं लागणार असेल, तर शालीचे पैसे आधी सिमेंटला लावा.