निम्मं मानधन

मराठी वाङ्मयात माझी कामगिरी केवढी आहे याची प्रकाशकांना अजून कल्पना नाही. माझ्या नावावर एकही पुस्तक नाही हे खरं. पण वाचनालयाच्या कार्डावर माझं नाव आहे, आणि त्या कार्डावर आजवर जेवढी पुस्तकं चढली, त्यातलं प्रत्येक मी निम्मं लिहिलेलं आहे. लेखक काय करतो? ‘उंच, गोरा, नाक सरळ’ एवढं लिहून मोकळा होतो. पुढचं सगळं आमच्या गळ्यात. त्या नाकाला चेहरा द्या, चेहऱ्याला आवाज द्या, आवाजाला राहायला घर द्या, घराला मोरी द्या. लेखकांना मोरी कधी सुचत नाही. तीन पिढ्या येतात आणि जातात, दोन वाटण्या होतात, एक खून होतो, पण मोरी डाव्या हाताला की उजव्या, हे पाचशे पानांत कुणी सांगत नाही. ते मी बघतो. मानधन मात्र लेखकाच्या घरी जातं. (जातं म्हणे. मराठी लेखकांना विचारलंत तर ते वेगळंच काही सांगतील. पण जात नसेल तर त्या न जाणाऱ्यातलंही निम्मं माझं.)

बायकोला हे मान्य नाही. ती शब्दन्‌शब्द वाचते. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीससुद्धा चतुःसीमेसकट वाचते, पूर्वेस ओढा, पश्चिमेस सरकारी रस्ता, आणि त्या ओढ्याकाठी तिला काहीही दिसत नाही. वाचन ही निर्मिती कशी असते हे मी एकदा तिला खुलासेवार समजावून दिलं. तिने शांतपणे फ्रीजवरची यादी काढून माझ्या हातात ठेवली. “ही वाच. आणि जे काय निर्माण होईल ते पिशवीतून घेऊन ये. हिंग विसरू नकोस.”

आता माझ्या निर्मितीत एक अडचण आहे. माझ्याकडे नेपथ्यं दोनच. एक गिरगावातली आमची चाळ, दुसरा वाईचा मामाचा वाडा. जगातलं सगळं साहित्य मी या दोन जागांत बसवलेलं आहे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तला शनिवारवाडा म्हणजे अर्थातच मामाचा वाडा. माधवराव पेशवे सदरेवर येतात ते मामाच्या ओट्यावर, आणि आत जाताना मान वाकवतात, कारण माजघराच्या त्या बुटक्या दाराने घरातल्या झाडून सगळ्या जावयांची कपाळं फोडलेली होती. माजघरात आडवी दोरी, दोरीवर मामीची लुगडी. राघोबादादांना कारस्थान करायला पलीकडे जायचं तर आधी ती लुगडी हाताने बाजूला सारावी लागत. माधवरावांच्या जागी मी धाकट्या मामाला घेतलं होतं. माधवरावांना क्षय, धाकट्या मामाला दमा, खोकल्यापुरतं निभावलं.

‘बनगरवाडी’च्या वेळी मात्र हाल झाले. माडगूळकरांचा माणदेश कोरडा ठणठणीत, आणि माझं सगळं सामान वाईला. अख्खा दुष्काळ मला गणपतीच्या घाटावर उभा करावा लागला. समोर कृष्णा दुथडी भरून वाहतेय आणि अलीकडे मेंढरं पाण्यावाचून तडफडतायत. मेंढरांना मी नदीकडे पाठ करून उभं केलं. याहून जास्त वाचकाने काय करायचं?

परदेशी माल चाळीत. दोस्तोयव्हस्कीने रास्कोलनिकोव्हला त्याच्या दारापासून सावकार म्हातारीच्या दारापर्यंत 730 पावलं मोजून दिली आहेत. मी ती 730 च ठेवली, लेखकाच्या हिशेबात मी ढवळाढवळ करत नाही. पण तो कोटाच्या आत कुऱ्हाडीसाठी फास शिवून तिसऱ्या मजल्यावरून उतरतो तेव्हा पहिल्या मजल्यावर नळाला पाणी आलेलं असतं. बायका कळशा घेऊन रांगेत. हा अंग चोरून, “जरा वाट द्या” म्हणत खाली. सेंट पीटर्सबर्गला 730 पावलांत काय लागतं कोण जाणे, आमच्याकडे ठाकूरद्वारचा नाका लागतो.

लेखकांमध्ये एक काफ्का तेवढा समंजस निघाला. 1915 मध्ये त्याची ‘मेटामॉर्फोसिस’ पुस्तकरूपाने निघायची होती. चित्रकार मुखपृष्ठावर ग्रेगोर साम्साचा किडा काढेल या धास्तीने त्याने प्रकाशकाला लिहून कळवलं, किडा काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. त्यांनी ऐकलं. मुखपृष्ठावर झगा घातलेला एक माणूस दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा आहे, मागे दार अर्धवट उघडं, दारात नुसता अंधार. दारामागचं काम वाचकाचं. इथवर सगळं रीतसर झालं. मग आला नाबोकोव्ह. मोठा कादंबरीकार, पण फुलपाखरांचाही पक्का अभ्यासक. कॉर्नेल विद्यापीठात शिकवताना तो साम्सांच्या घराचा नकाशा काढायचा, आणि वर बजावायचा की ग्रेगोर झुरळ नव्हे. पाठ फुगीर आहे, तेव्हा हा भुंगेऱ्याच्या जातीचा प्राणी, आणि पाठीखाली याला पंखही असणार. वाचकाला कल्पनाशक्ती हवी हेही तोच म्हणायचा, पण कल्पना त्याच्या नकाशाबरहुकूम करायची. असू दे. आमच्या चाळीत रात्री दिवा लावला की जे पळायचं त्याला झुरळ म्हणत. माझा ग्रेगोर झुरळच आहे, तपकिरी आहे, आणि त्याच्या घरात मोरी उजव्या हाताला आहे.

माझ्या मालमत्तेवर अतिक्रमणं पुष्कळ झाली. चि. वि. जोश्यांच्या चिमणरावांसाठी मी वडिलांच्या कचेरीतले एक हेडक्लार्क नेमले होते, उत्तम चाललं होतं. तेवढ्यात दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ होऊन आले, आणि इतके चोख आले की माझे हेडक्लार्क पागडीसुद्धा न मागता खोली खाली करून गेले. पुन्हा आले नाहीत. ‘अंतू बर्वा’ तर आता स्वतः वाचायची सोयच राहिलेली नाही. पान उघडलं की पु. ल. कॅसेटमधून बोलायला लागतात, त्यांच्या जागा, त्यांचे थांबे; आपण नुसतं पान धरून बसायचं. लहानपणी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेचं ‘ट्टॉक्’ आमच्या मजल्यावरचं प्रत्येक पोरगं वेगळं काढायचं, कुणी टाळूला जीभ लावून, कुणी गालात हवा भरून, आणि खरं ट्टॉक् कुणाचं यावरून जिन्यात हाणामाऱ्या व्हायच्या. छापलेल्या एका आवाजावर एवढं रक्त सांडलेलं माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

या अतिक्रमणांचा मला राग नाही, कौतुकच आहे. राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. परवा भाचा म्हणाला, “मामा, ‘कोसला’ केली.” केली म्हणजे मोबाइलवर पंधरा मिनिटांत तिचा सारांश ऐकला. पांडुरंग सांगवीकर पुण्याला जातो, त्याचं काही जमत नाही, तो परत गावी येतो, तात्पर्य अमुक. चार मुद्दे, शेवटी संगीत. मी त्याला विचारलं, धाकटी बहीण जाते तिथे तुला काय झालं? तो म्हणाला, तो तिसरा मुद्दा. यावर मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. त्या सारांशात सगळं होतं, फक्त माझ्या भाच्याला बसायला जागा नव्हती.

आमच्या आईला सारांश कधी जमला नसता. ती नेहमी भर घालायची. हा विषय खरं तर लेखाच्या ओघात येत नाही, पण आणल्यावाचून राहवत नाही.

आजीला, म्हणजे आईच्या सासूला, मोतीबिंदू झाला होता. (मोतीबिंदू ही आमच्या घराण्याची एकमेव वडिलोपार्जित इस्टेट, माझ्या वाट्याचा मला नुकताच मिळाला.) दुपारी जेवणं आटोपली की आजी भिंतीकडच्या कॉटवर आडवी व्हायची आणि आई ओले हात पदराला पुसत खाली सतरंजीवर बसून वाचनालयाची कादंबरी वाचून दाखवायची. बहुतेक कौटुंबिक. म्हणजे त्यात एक सासू असायचीच, एक सून असायचीच, आणि इकडेही एक एक होतीच. मी कोपऱ्यात गृहपाठ करत असल्याचं सोंग घेऊन बसलेला.

आई ओळीवर बोट ठेवून वाचायची. बोट उजवीकडे सरकत जायचं, ओळ संपली की खाली उतरून परत डावीकडे. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की कधीकधी बोट थांबतं आणि आवाज चालूच राहतो. बोट थांबलं की समजायचं, आता आई लिहितेय.

आणि काय लिहायची! सकाळी आमटीत मीठ जास्त झाल्यावरून आजी काही बोललेली असली, की दुपारी कादंबरीतली सासू एकदम चवताळायची. एरवी बिचारी देवघरात वाती वळत बसणारी बाई, ती त्या दिवशी सुनेला म्हणायची, “तुझ्या माहेरी मीठ फुकट मिळतं वाटतं!” लेखक पुरुष, त्याला एवढं धारदार वाक्य कुठून सुचायला? लग्नाला नेसून जायला आजीने स्वतःची पैठणी काढून दिली, त्या दुपारी एका महाखाष्ट सासूला दीडच पानात पश्चात्ताप झाला आणि तिने किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हाती दिला. पुढची शंभर पानं या पश्चात्तापाला जुळेनात, म्हणून आईला आठवडाभर रोज थोडं थोडं लिहावं लागलं. जुडगा परत सासूकडे पोचवताना तिची दमछाक झाली.

आजी गप्प ऐकायची. क्वचित म्हणायची, “कालचं ते मिठाचं परत वाच बघू.” मग आईची पंचाईत. तेच वाक्य तसंच्या तसं म्हणायचं, आणि बोटही चालवायचं. ती दोन्ही करायची. मी मागाहून ती पुस्तकं चोरून उघडली, मीठ शोधलं. नव्हतं.

एकदा हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आली. हरिभाऊंनी 1890 मध्ये ‘करमणूक’ काढलं आणि त्यात ही हप्त्याहप्त्याने लिहिली. आजीनेच मागवली होती. गोष्ट यमू स्वतः सांगते, त्यामुळे वाचणारीच्या तोंडी सारखं ‘मी, मी’ येतं. कितीतरी दुपारी ती चालली होती आणि आईचं बोट एकदाही थांबलं नव्हतं. हरिभाऊंपुढे तिनेही हात टेकले असावेत. मग यमूचा नवरा जातो, आणि शंकरमामंजी तिचे केस काढायला लावतात, ती पानं आली.

आजीला लहानपणी तिच्या आत्याने वाढवलं होतं. ती आत्या सोवळी होती. डोक्यावरून लाल आलवण घेतलेला तिचा एकच फोटो आमच्याकडे होता, भिंतीवर नव्हे, ट्रंकेत. आईला हे माहीत होतं.

बोट थांबलं. आवाज जरासा अडखळला, मग चालू झाला. न्हाव्याला बोलावणं गेलेलं, दार लावलेलं, आणि इतक्यात कुणीतरी दारावर धडका देतं, यमूला तिथून बाहेर काढतं, टांग्यात बसवतं. आई वाचत होती, बोट पानाच्या मध्यावर तसंच, आणि टांगा चालला होता. कुठे चालला होता ते तिलाही ठाऊक नसावं. पुण्याच्या बाहेर पडला, नदी ओलांडली, तरी ती त्याला थांबवेना.

आजी बऱ्याच वेळाने म्हणाली, “बरं झालं सोडवलंस तिला. मी वाचली तेव्हा नव्हतं कुणी सोडवलं.”

आई काही बोलली नाही. आजीने मग चहा टाकायला सांगितला, आणि आलं किसून घाल, सकाळी घातलं नव्हतंस, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी नवं पुस्तक आलं आणि त्यातली सासू दोन दिवस आल्यावरून कटकट करत होती.

गेल्या महिन्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. सगळी निर्मिती ठप्प. शेवटी बायकोला गळ घातली, तर ती म्हणाली, “वाचते. पण लिहिलंय तेवढंच वाचणार. मोऱ्याबिऱ्या मी बांधणार नाही.” मी ‘स्वामी’ काढून दिली, म्हटलं घर तरी ओळखीचं असेल.

तिने शब्दाला जागून वाचलं. प्रकाशकाचा पत्ता वाचला, आवृत्त्या वाचल्या, छपाईच्या चुका होत्या तशा वाचल्या. ‘पेशवे’चं ‘पेशेव’ झालं होतं तर पेशेव. मामाचा वाडा माझ्या डोळ्यांसमोर उभाच राहीना. काळ्या चष्म्यामागे मी नुसता श्रीमंतांच्या खोकल्याची वाट बघत पडून होतो.

काल थेऊरचा मुक्काम आला. तिचं बोट चालतंय की थांबलंय हे मला काळ्या चष्म्यातून दिसत नाही. पण माधवराव स्नान करून आले, त्यांनी ओला टॉवेल पलंगावर तसाच टाकला, आणि रमाबाई म्हणाल्या की हे आता शेवटचं सांगतेय.