आमच्या वेळचा ढोल

पुण्यातल्या ढोलपथकात 'जुनं माणूस' व्हायला एक विसर्जन मिरवणूक पुरते. गेल्या वर्षी ज्याच्या कमरेला दुसऱ्यांनी ढोल बांधून दिला, तोच मुलगा यंदा नदीपात्रातल्या सरावाला हाताची घडी घालून उभा असतो आणि नव्या पोरांकडे बघून पुटपुटतो, "आमच्या वेळी शिस्त होती."

ही 'आमची वेळ' भलतीच सरकती. एके काळी शहरात वाजवायला मुळशी-मावळाकडच्या गावांतून पथकं यायची. मग ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि या शाळांची पोरं गणवेश घालून, शिट्टीच्या इशाऱ्यावर वाजवत लक्ष्मी रस्त्यावर उतरली. शिट्टीवर ढोल! गावाकडच्या एखाद्या ताशेवाल्याने तेव्हा कपाळाला हात लावला असेल. आज मात्र शिट्टी ही परंपरा आहे. 'रामलखन' नावाचा तालही परंपरेतच जमा झालाय. तो चित्रपट १९८९चा, पण हे सांगणाऱ्याला सरावात पाणी मिळणार नाही.

पुढे मुली आल्या. त्यांना ढोल पेलेल का, यावर बरीच चर्चा झडली. त्यांनी ढोल बांधून चौकाचौकात वाजवल्यावर ती आपोआप थंडावली. बदलावं लागलं ते दादा लोकांना. हात चुकला की तोंडात येणारे खास शब्द गिळून "जरा लक्ष दे" असं म्हणताना त्यांची जी तारांबळ उडाली, ती बघण्यासारखी होती.

मग आले हिंजवडीचे कंपनीवाले. हजेरीची वही गेली, एक्सेल आलं. कानात बोळे घालणं हा पूर्वी भित्रेपणा होता, आता तो शहाणपणा ठरलाय.

काही गोष्टी मात्र कुणी आलं तरी हलत नाहीत. चपला बाहेर. वाद्य ओलांडायचं नाही. ढोलाला पाय लागला तर लगेच नमस्कार. पान ढिलं झालं की मात्र त्याच ढोलावर गुडघा रोवून दोघं दात-ओठ खात दोरी ओढतात, तिसरा बोटाने टिचकी मारून आवाज बघतो, "अजून, अजून" म्हणतो. या गुडघ्याबद्दल विचारणारा नवखा दरवर्षी एक तरी निघतो. त्याला आधी झांज देतात.

२०२४ साली राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच माणसं हवीत असं बजावलं, तेव्हा खरी पंचाईत झाली. ध्वजवाले तिसांत धरायचे का? पाणी वाटणारे? आणि ठेवायचं कुणाला, जुन्यांना की चांगलं वाजवणाऱ्यांना? विसर्जन पाच दिवसांवर आलेलं असताना, १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली आणि या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देण्यातून समस्त जुनी मंडळी सुटली.