नाझर नानांची फर्द

डॉक्टरांनी समोरचा कागद उलटा करून त्यावर पोटाचे चित्र काढावे, त्यातल्या एका पिशवीत तीनचार ठिपके द्यावे आणि "ही काढून टाकलेलीच बरी" असे, पावसापाण्याविषयी बोलावे तितक्या सहजतेने बोलून जावे, ही घटना सकाळी अकरा वाजता घडली, तर दुपारच्या चहाच्या आत नाना रुग्णाच्या दारात हजर होतात. त्यांना वर्दी कोण देतो, हे आमच्या पेठेला अद्याप उलगडलेले नाही. ते धीर देत नाहीत, हळहळत नाहीत, आजाराची चौकशीही करीत नाहीत. खिशातून पेन काढून ते एवढेच विचारतात, "मुक्काम किती रात्रींचा?"

जिल्हा न्यायालयातल्या नाझराच्या कचेरीत नानांची उभी हयात गेली. ऋणकोच्या ओसरीवर उभे राहून, आतल्या रडारडीकडे पाठ करून, जप्तीच्या फर्दीत "घागर पितळी, पोचा पडलेली, नग १" अशी नोंद करायची आणि खाली दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या, हे काम वर्षानुवर्षे केल्याने वस्तुमात्राविषयी त्यांच्या ठिकाणी एक प्रकारची विरक्त आत्मीयता उत्पन्न झाली. आणि सेवानिवृत्तीनंतर ती वाया जाऊ नये म्हणून शेजारपाजाऱ्यांच्या शस्त्रक्रियांच्या सामानाचा बंदोबस्त त्यांनी, कोणी न सांगता, आपल्याकडे घेतला. आजवर त्यांच्या दप्तरी अठरा अंतर्गळ, अकरा अपेंडिक्स आणि सात गुडघे जमा आहेत. मोतीबिंदू ते हिशेबात धरीत नाहीत. त्यात रात्रीचा मुक्काम नसतो.

सामानाची ते तीन खात्यांत वाटणी करतात: दप्तरखाना, जामदारखाना आणि मुदपाकखाना. पैकी दप्तरखाना म्हणजे एक हिरवी कॅनव्हासची पिशवी असून ती घरातून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत नानांच्या काखेतून हलत नाही. तीत जुने तपासणी-अहवाल तारखेवार लावलेले, विम्याचे कार्ड, आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स प्रती आणि रुग्ण रोज घेत असलेल्या औषधांची यादी. या शेवटच्या कलमावर ते निम्मी दुपार घालवतात, कारण "ती सकाळची पांढरी, बारीक" हे उत्तर त्यांना पुराव्याच्या कायद्याखाली ग्राह्य वाटत नाही. गोळीचे नाव, ताकद, वेळ असे तीन रकाने हवेत; कशाची अॅलर्जी असल्यास ती वेगळ्या ओळीत; आणि रक्त पातळ करणारी गोळी असल्यास तिच्याखाली तांबड्या शाईने, "ही केव्हा थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, घरच्यांनी अक्कल चालवू नये."

जामदारखान्यात मात्र त्यांची खरी प्रतिभा दिसते. नवे कपडे नानांना वर्ज्य. "टॉवेल, जुना, मऊ पडलेला, नग २" अशी फर्दीतली नोंद वाचताना तो टॉवेल केवढ्या तपश्चर्येने मऊ पडला असेल याची जाणीव होते. सदरा पुढून बटणांचा हवा, कारण हाताला सलाईन लागली असताना डोक्यातून बनियन घालू पाहणाऱ्या एका सद्‌गृहस्थांना सोडवायला दोन परिचारिका लागल्या होत्या, हे नानांनी समक्ष पाहिले आहे. चपला बोटांत अडकवायच्या नव्हेत, तर टाचेला पट्टा असलेल्या. चार्जरची वायर दोन मीटरांची, कारण इस्पितळे बांधणारे स्थापत्यविशारद विजेचे बटण खाटेपासून शक्य तितक्या दूरच्या भिंतीवर बसवतात. आणि एक छोटी उशी. पोटावर टाके असताना खोकला आला तर ती पोटाशी घट्ट धरून खोकायचे. ही युक्ती मी प्रथम हसण्यावारी नेली होती, पण शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी पहिली ढास लागली तेव्हा त्या उशीपुढे मला माझी सगळी पुस्तके तुच्छ वाटली. एका इस्पितळात (त्याचे नाव घेत नाही) खाटेवरची बोलावण्याची घंटा बंद निघाल्यापासून नाना देवघरातली घंटाही बरोबर ठेवतात. तिचा नाद ऐकून शेजारच्या खोलीतल्या आजी हात जोडून उठून बसल्या, ही गोष्ट निराळी.

एकदा मी त्यांना म्हणालो, "नाना, एवढा सरंजाम कशाला?" तेव्हा त्यांनी मला थेट सुश्रुताच्या हवाली केले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पाचवा अध्याय केवळ या पूर्वतयारीसाठी खर्ची पडला असून यंत्रे, शस्त्रे, क्षार, अग्नी, जळवा, कापूस, सूत, पट्ट्या, मध, तूप, तेल, थंड आणि गरम पाणी, कढई, फार काय, वारा घालायचा पंखासुद्धा वैद्याने आधी जमवून ठेवावा, असे तिथे सांगितले आहे. त्या यादीच्या शेवटी येणारे स्नेहाळ, स्थिर आणि बलवान परिचारक म्हणजे आपणच, अशी नानांची समजूत आहे. बलवान या विशेषणाविषयी मतभेद होऊ शकतो.

मुदपाकखाना हा या राज्यकारभारातला दुबळा भाग. सुश्रुताने शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला हलके अन्न द्यावे असे म्हणून मूळव्याध, मुतखडा, भगंदर, पोटाचे विकार अशांना त्यातून वगळले आहे; हल्ली भूल द्यायची म्हणून हा अपवाद सर्वांनाच लागू झाला, कारण भुलेत पोटातले अन्न उलटून फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. तेव्हा निदान सहा तास अन्न नाही आणि शेवटचे दोन तास पाण्याचा घोटही नाही. मग दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दोन थर्मास हा शिधा कोणासाठी? पानिपतावर १७६१ साली लढणाऱ्यांमागे बुणग्यांचा केवढा तांडा होता हे आपण शाळेत वाचतो. पण तो प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कोणत्याही शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या बाकावर पाहावा. आत एकटा उपाशी लढत असतो आणि बाहेर सातजण दशम्या खातात.

माझ्या पित्ताशयातल्या खड्यांच्या वेळी नानांनी आठ रात्रींची तयारी केली होती. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून असल्याने उद्याच घरी सोडू, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा जप्तीचा हुकूम ऐन वेळी तहकूब झाल्यासारखा झाला. तरी दाराशी त्यांनी कर्तव्य पार पाडलेच. परिचारिकेने माझे घड्याळ, अंगठी, चष्मा एकेक उतरवून घेतला (रक्तस्राव थांबवायला विजेचे उपकरण वापरतात, तेव्हा अंगावर धातू नको) आणि मागून उघडा असा तो प्रसिद्ध अंगरखा चढवून मला चाकांच्या खाटेवर निजवले. इतक्या दिवसांच्या तयारीपैकी माझ्याबरोबर आत गेली ती मनगटाला बांधलेली नावाची पट्टी, आणि तीही इस्पितळाची. सकाळी डॉक्टरांनी हळूच विचारले, "वारा सरला का?" मी लाजत मान हलवली, तर कोपऱ्यातून नाना खड्या आवाजात म्हणाले, "पाच वाजून चाळीस मिनिटांनी. टिपून ठेवले आहे."

गेल्या मार्गशीर्षात खुद्द नानांचाच अंतर्गळ निघाला. "सूनबाईला नीट जमायचे नाही," म्हणून त्यांनी सामान स्वतःच बांधले आणि ताबेदार म्हणून मला नेमले. दाराशी परिचारिका म्हणाली, "आजोबा, कवळी काढा." झाकणाची डबी फर्दीत होतीच, कवळी तीत गेली, डबी माझ्या हाती आली. मग चष्मा, मग गळ्यातला गोफ. खाट हलणार एवढ्यात नानांनी माझे मनगट धरले आणि बोळक्या तोंडाने काहीतरी पुटपुटले. कवळीवाचून शब्द लागेनात. मला गहिवर आला, मी म्हणालो, "काळजी करू नका नाना, काकूंकडे मी पाहीन." त्यांनी जोरजोराने मान हलवली आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेस हवेत बोटाने लिहून दाखवले, तेव्हा कुठे मला समजले: पावती.

परिचारिकेकडून कागद मागून मी लिहिले, "कवळी वरची व खालची, डबीसह, चष्मा नग १, सोन्याचा गोफ नग १, सुस्थितीत मिळाले," आणि सही केली. नानांनी तो कागद नाकाजवळ धरला, डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत वाचला, आणि खाट ताटकळत ठेवून, सहीखालच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवले. मी तारीख घालायला विसरलो होतो.